आधी बस, मग हस

लोक हसताना पोट धरतात, मी जमीन धरायची. चौदाव्या वर्षी मला हा आजार जडला. हसू फुटलं की गुडघ्यांतलं बळ जायचं, मान लटकायची आणि दोरीवरून ओला टॉवेल घसरावा तशी मी खाली यायची. थोड्या वेळानं आपोआप उठून बसायची. भर तासाला झोप लागायची ती वेगळीच. पण खाली पडले तरी शुद्ध जात नसे. डोळे मिटलेले, जीभ जड, कान मात्र टक्क उघडे. ‘हसतील त्यांचे दात दिसतील,’ असं आई म्हणायची. मी हसले की लोकांना माझे तळपायच दिसत.

ही साठच्या दशकातली, आखातातल्या दोहा शहरातली गोष्ट. आम्ही रत्नागिरीकडचे, अब्बा तेल कंपनीच्या गोदामात कारकून. शेजारणींनी जिन लागल्याचं ठरवून टाकलं आणि माझ्या गळ्यात ताईत वाढू लागले. मला त्यांचा भयंकर राग यायचा. राग आला तरी गुडघे जायचेच, त्यामुळे धड भांडताही येत नसे. शेवटी सरकारी हॉस्पिटलातल्या लेबनॉनच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हा मेंदूचा आजार आहे, फार थोड्यांना होतो. हे वेड नाही आणि जिन तर नाहीच. हसू, राग, आनंद, जे काही जोरात येईल त्याच्या आधी हिला खाली बसवा, एवढाच त्यांचा सल्ला. आजाराचं लांबलचक नाव अब्बांच्या जिभेवर कधी बसलं नाही. आमच्या घरात ‘गुडघे गेले’ एवढंच म्हणत.

आमची शाळा म्हणजे सूकच्या, म्हणजे तिथल्या बाजाराच्या, मागं भाड्यानं घेतलेलं एक घर. हिंदुस्थानी नोकरदारांनी आपल्या पोरांसाठी ती चालवली होती. वर्गात मलबारी, सिंधी, गोव्याकडचे, सगळे. मुख्याध्यापिका पुण्याच्या, कडक, कांजी केलेल्या साडीतल्या. मराठीत मी एकटीच त्यांच्याशी बोलायची, तेही चोरून, कारण शाळा इंग्रजी.

एकदा या बाईंच्याच भूगोलाच्या तासाला गल्लीतली शेळी वर्गात शिरली आणि भिंतीवरच्या नकाशातला ऑस्ट्रेलिया खाऊ लागली. वर्ग खदखदून हसला. मी उभी होते, उत्तर द्यायला. बाईंनी मला डुलताना पाहिलं आणि गडबडीत त्यांच्या तोंडून मराठी निघालं, “बस!” मी मटकन बसले. पण बाकीच्यांच्या कानाला ते हिंदीतलं ‘बस’ वाटलं, आणि बाजारात अरब दुकानदारही ‘पुरे’ म्हणायला हाच शब्द वापरायचे. त्यामुळे सगळा वर्ग चिडीचूप. शेळी तेवढी चरत राहिली.

त्या दिवसापासून ‘बस’ हा शाळेचा शब्द झाला. कुणाला विनोद सांगायचा असला की आधी ‘बस’ म्हणायचं, मी बसायची, मग विनोद. बाईंनी त्याचं ‘आधी बस, मग हस’ केलं, आणि मराठीचा गंध नसलेली पोरं ते घोकू लागली. माझ्या बाकावरची मलबारी मुलगी हट्टी होती. तिचं म्हणणं, एकटीच खाली बसलीस तर शिक्षा झाल्यासारखी दिसतेस. म्हणून तीही फरशीवर बसू लागली. तिचं पाहून पुढचा बाक, मग मागचा. महिन्याभरात आमच्या वर्गात विनोद म्हणजे अख्ख्या वर्गानं जमिनीवर मांडी घालायची, असा रिवाज पडला.

तरी एकदा चुकलंच. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर मला हसू आवरलं नाही आणि हनुवटी फुटली. अब्बांना कंपनीतून बोलावून आणलं. मला चटईवर निजवलं होतं; ते दारात दिसले आणि भीतीनं माझं अंग पुन्हा गेलं. मी बेशुद्ध आहे असं समजून ते माझ्या उशाशी उभे राहून बाईंना म्हणाले, “पोरीला पुढल्या बोटीनं गावाला धाडतो. तिथं चुलती हाय तिची. शाळा पुरे झाली. चार लोकांत पोरीचं हसं होतंय, माज्यानं बगवत नाय.”

“तिचं हसं कोणी करत नाही,” बाई म्हणाल्या. “परीक्षा होऊ द्या. बक्षीस समारंभाला या, मग काय ते ठरवा.”

“इन्शाल्ला,” अब्बा म्हणाले. अब्बांचं इन्शाल्ला म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक. मला ओरडायचं होतं की मला इथंच शिकायचंय, आणि जीभ हलत नव्हती. आयुष्यात इतकी चडफड मी पुन्हा कधी अनुभवली नाही.

पण बोट परीक्षेनंतरची निघाली आणि मला तेवढी मुदत मिळाली. मी झोपले की मलबारीण कोपर मारून उठवायची, चुकलेलं पुन्हा सांगायची. परीक्षेत माझा डोळा लागला तेव्हा बाईंनी खुशाल झोपू दिलं आणि तेवढा वेळ नंतर वाढवून दिला. एकाही पोरानं कुरकुर केली नाही. त्या पोरांचा मला आजही अभिमान आहे, आणि तो सांगताना मी मुद्दाम खुर्चीत बसते.

मी वर्गात पहिली आले. समारंभ अंगणात होता. बक्षिसं द्यायला कंपनीतल्या साहेबाची मडम आली होती. पहिल्या नंबराला सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, ही पद्धत. बाईंनी माझं नाव पुकारलं आणि आमचा वर्ग उठण्याऐवजी बाकांवरून खाली उतरून मांडी घालून बसला. मग धाकटे वर्ग बसले. मग शिक्षिका, नायलॉनच्या साड्या सावरत. पोरांचे आईबापही एकमेकांकडे बघत खाली बसले. बाईंनी मडमेच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि ती बिचारी आपल्या घट्ट झग्यात कशीबशी चटईवर टेकली. बक्षिसाचं पुस्तक तिनं बसूनच माझ्या हातात दिलं. ते घेऊन मी मलबारी मुलीशेजारी खाली बसले. सगळ्यांत मागं अब्बा एकटे उभे होते, कोट घालून. मग तेही बसले.

ते मी पाहिलं, आणि माझी मान गेली. मलबारी मुलीनं खांदा पुढं केला, त्यावर मी कलंडले. कोणी धावलं नाही, कोणी पाणी मारलं नाही. टाळ्या चालूच राहिल्या.

त्या ओसरल्यावर मागून आवाज आला. अब्बांच्या ऑफिसातले सिंधी बाबू होते, ज्यांनी माझं बोटीचं तिकीट काढून दिलं होतं.

“ये तो तुम्हारी लड़की है ना? फिर गिर गई?”

“गिरी नहीं,” अब्बा म्हणाले. “खुश हो गई है.”

“इसको तो गाँव भेज रहे थे.”

“किसने बोला?” अब्बांचा आवाज चढला, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतका. “स्कूल जाती है वो.”