ज्या भागात खून होत नाही

हे मी कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुमच्यापाशी का बोलतोय — कोण जाणे.

मी टीव्हीवरच्या एका गुन्हेगारी मालिकेचा लेखक. नऊ वर्षं तोच इन्स्पेक्टर, दर आठवड्याला एक खून. मध्यंतरी प्रेक्षक गळायला लागले. निर्माते म्हणाले, साचा मोडा — एक भाग भुताचा करा, एक प्रेमकथेचा, एक नुसता विनोदी. भुताचा जमला. प्रेमकथा कशीबशी जमली. विनोदी काही केल्या सुचेना.

तेव्हाच पांढरकवड्याला घरी गेलो होतो. शेजारी शबानाआपा राहतात, ब्लाउज शिवतात. आमचा एकही भाग त्यांनी चुकवलेला नाही. मी सहज अडचण सांगितली. त्यांनी मशीन थांबवली.

"एखाद्या बारीले खूनच नको होऊ देऊ ना. माणूस सासरी जाऊन बसला, अन् इकडे चार जण इन्स्पेक्टरले सांगून राह्यले, म्याच मारलं त्याले."

चौघं असं का सांगतात, तेही त्यांनीच रचलं. एकाला गावात दरारा हवा, एकीला नवऱ्याला घाबरवायचंय... शेवटी तो माणूस एसटीतून उतरतो आणि स्वतःच्याच खुनाच्या गर्दीत मागून डोकावतो. मी पोट धरून हसलो. घरी जाऊन सगळं लिहून काढलं.

भाग गाजला. मालिका तगली. एका मुलाखतीत विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हणालो — लहानपणी पाहिलेली माणसं. नाव घेणं इतकं अवघड होतं का? नव्हतं.

पण मला सांगायचंय ते हे नाही. आपांचा फोन आला.

"प्रकाश, हे तं म्याच सांगतलं होतं ना रे?"

मी म्हणालो, मी तुमच्याकडे यायच्या आधीच तो भाग लिहून झाला होता.

"असं काय? माफ कर बाबू. मी उगाच गल्लीतल्या बायांले सांगून बसली."

पुढे आईकडून कळलं — त्या घरोघरी जाऊन सांगून आल्या, माझीच समजण्यात चूक झाली.

आपा अजून मालिका पाहतात. मी गेलो की चहा करतात. भागांविषयी मात्र बोलत नाहीत.

त्यांनी माफी मागितली तेव्हा मी काय म्हणालो, ते राहिलंच. म्हणालो — "जाऊ द्या आपा, होतं असं."