मुक्या जेवणात केलेला आग्रह

इथे अमेरिकेत, बॉथेलला, पानगळ सुरू झाली की रोज संध्याकाळी आमच्या छपरांवरून कावळे जातात. आजूबाजूच्या सगळ्या गावांतले, हजारोंनी, कॉलेजच्या पाणथळीतल्या झाडांवर रात्रीच्या वस्तीला. नवीन आलेले लोक फोन काढून व्हिडिओ करतात. त्या वर्षी मी पडदे ओढून घ्यायचे.

त्या वर्षी नागपूरला बाबा गेले आणि मला जाता आलं नाही. व्हिसाचं रिन्यूअल अडकलेलं, देश सोडू नका म्हणून वकिलाने बजावलेलं. दहाव्याला भावाने घाटावरून व्हिडिओ कॉल लावला. पिंडाला कावळा शिवेना. आईला सांभाळू, घर विकणार नाही, सगळं कबूल करून झालं. कुणीतरी म्हणालं, "पोरगी परत येईल हो काका, काळजी करू नका." फांदीवरचा कावळा ढिम्म. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. "त्यांचा जीव तुझ्यात अडकलाय," भाऊ म्हणाला आणि कॉल कट केला.

तेव्हापासून आमच्या घरात कुणीतरी न जेवता ताटकळत थांबलंय असं वाटायचं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "यार, तू थेरपिस्टला भेट." मी भेटले शेजारणीला.

शेजारीण विक्कन, म्हणजे विक्का नावाचा धर्म पाळणारी. रिटायर्ड नर्स. नवरा पाठीमागे तिला चेटकीण म्हणायचा आणि सुट्टीवर जाताना घराची किल्ली तिच्याकडेच द्यायचा. तिच्याकडे उडायचा झाडू नव्हता, आमच्यासारखाच व्हॅक्यूम क्लीनर होता. कपाटावर मात्र मीठ, पाण्याची वाटी, मेणबत्ती आणि काळ्या मुठीची सुरी. "लोकांना आमचा धर्म फार पुरातन वाटतो," ती एकदा म्हणाली होती. "खरं म्हणजे गेल्या शतकात इंग्लंडमध्ये काही माणसांनी जुनं-नवं जुळवून तो उभा केला. देवी, देव, ऋतूंचे सण आणि कुणाचं वाईट करायचं नाही, एवढंच. धर्म तरुण आहे. मेलेले मात्र पूर्वीचेच आहेत."

ऑक्टोबरअखेरच्या त्यांच्या सणाला मेलेल्यांसाठी पान वाढतात. घरात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत कुणी बोलायचं नाही. "शब्द ऐकला की ते उठून जातात. वडिलांना आवडायचं ते घेऊन ये," तिने सांगितलं. मी गोळाभात केला आणि वर घालायला हिंग-मोहरीची फोडणी वेगळ्या वाटीत घेतली.

उजेड सरता सरता मी तिच्याकडे गेले. तिने दाराला कडी लावली, उंबऱ्यावर मीठ टाकलं आणि सुरी घेऊन टेबलाभोवती उलटी फेरी मारली. पितरांसाठी आपल्याकडेही जानवं उलटं घेतात ते आठवून माझ्या अंगावर काटा आला. टेबलाच्या टोकाला काळं कापड टाकलेली रिकामी खुर्ची होती. पहिलं पान तिथे.

आम्ही दोघी खाली मान घालून जेवत होतो. वरून कावळे गेले, बराच वेळ गेले, मग एकदम शांत झालं. भाताची वाफ सरळ वर जात होती ती खुर्चीकडे झुकली. कापडाला खोलगट घडी पडली होती. मला भीती वाटायला हवी होती. पण माझं लक्ष गेलं ते पानाकडे, पान तसंच होतं. बाबांचं आयुष्यभर हेच. आग्रह केल्याशिवाय घास उचलायचे नाहीत.

"घ्या ना बाबा," मी म्हणाले. चांगलं मोठ्याने.

मेणबत्ती विझली. शेजारणीने डोळे मिटून घेतले. मग उठली, सुरीने दाराजवळ हवेत एक रेघ ओढली, कडी काढली आणि ते पान माझ्या हातात दिलं.

मागच्या अंगणात जवळजवळ अंधार होता. कावळे कधीच पाणथळीला पोचले होते. कुंपणावर एकच बसला होता. मी पान गवतावर ठेवलं. तो पानाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. इतकी एकटी मी या देशात कधीच नव्हते.

"मी येईन" एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलंही. पण दर रविवारी फोनवर हेच तर मी त्यांना सांगत आले होते, आणि घाटावरही कुणीतरी तेच सांगून पाहिलं होतं.

"बाबा, मी परत यायची नाही," मी म्हणाले. "माझं घर आता इथे आहे. तुम्ही वाट बघू नका."

कावळा खाली उतरला. आधी गोळा उचलला, मग भाताला चोच लावली. भराभरा खाल्लं त्याने, खूप दिवसांच्या उपाशी माणसाने खावं तसं. मला हेच हवं होतं ना? तरी तो पंख झटकून उठला तेव्हा मी फोडणीची वाटी घ्यायला आत धावले, आणि दारातूनच ओरडले, "थांबा, अजून थोडं घ्या ना, तेल राहिलंय."

बाहेर येऊन बघते तर अंगणात कुणी नव्हतं.