महालक्ष्म्यांच्या आधीची भाकर

रिठदच्या विजयमालानं बावीस वर्षं महालक्ष्म्यांचा, म्हणजे गौरींचा, स्वयंपाक उपाशीपोटी केला. पुरण, आंबील, सोळा भाज्या, सगळं तिच्याच हातचं. दुपारी नैवेद्य होईपर्यंत तोंडात पाण्याखेरीज काही नाही. साखरेचा आजार निघाला तरी नेम तोच. गोळी जेवणासोबत घ्यायची, जेवण नाही म्हणून गोळीही नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र, तेव्हाही तसंच. घरात कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, तिलाही नाही.

यंदा जूनमध्ये ती शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून घसरली. वाशीमच्या डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे उजेडाला धरला. हाड शाबूत होतं, पण बाजूनं दोन पांढऱ्या रेघा दिसत होत्या.

"या रक्तवाहिन्या. यांच्या भिंतीत कॅल्शियम साचलंय. पुढे पायाला रक्त कमी पडलं तर जखम भरणार नाही. कधीकधी पाय काढावा लागतो."

"मंग?"

"तुमची गोळी साखर उतरवते. हे साचणंही ती थोपवत असावी, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण ते बरेचसे उंदरांवरचे. माणसांत अजून पक्कं नाही. रोज घेता ना?"

तिनं उपासाचे दिवस बोटांवर मोजले. बोटं पुरली नाहीत. "सालातले शंभरेक दिवस नाही घेत," ती म्हणाली.

परतताना नवरा इंद्रभान म्हणाला, "पक्कं नाही म्हनते डॉक्टर. मंग कायले एवढं मनावर घेऊन राह्यली?"

"पेरतानी पीक पक्कं असते का? तरी पेरता ना तुमी."

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी तिनं पुरणाची डाळ शिजवली, मग तव्यावर एक भाकर टाकली आणि चुलीजवळच खायला बसली. सासू देवलाबाई दारातच थबकल्या.

"काय करून राह्यली व तू?"

"जेवून राह्यली, आत्याबाई. गोळी घ्याची हाये."

"लक्ष्म्या उपाशी हायेत अजून."

"त्यायले पायच नाईत, स्टँडवर उभ्या हायेत. मले दोन हायेत, ते ठेवाचे हायेत."

जाऊ मंजूनं हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

"एका दिवसानं काय होते?"

"एक एक करूनच शंभर होतात."

"मंग उष्ट्या तोंडानं पुरणाले हात नाही लावाचा."

"नाही लावत."

तिनं हात धुतले, गोळी घेतली आणि ओसरीवर जाऊन बसली. साठ माणसं जेवायला यायची होती. पुरण घोटताना देवलाबाईंचा हात दहा मिनिटांत भरून आला. मंजू भाज्यांत अडकलेली. शेवटी देवलाबाईंनी लेकाला आंघोळ करून सोवळं नेसायला लावलं. जन्मात पातेलं न उचललेला इंद्रभान पुरण घोटायला बसला.

"झालं का व हे?" आतून त्याचा आवाज आला.

"उलथनं उभं राह्यते का पाहा," विजयमाला बसल्या जागेवरून म्हणाली.

"पडते."

"मंग फिरवा."

तीनचा नैवेद्य साडेचारला झाला. पंगतीत बायका भुकेनं कावल्या होत्या. देवलाबाईंनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, "थोरलीनं देवाच्या आधी खाल्लं, म्हनून उशीर झाला."

बायकांनी विजयमालाकडे पाहिलं. ती पत्रावळी मांडत होती.

"हो, खाल्लं," ती म्हणाली. "जूनपासून एकही सोमवार धरला नाही. मी वावरात भाकर नेतो अन् तिथंच खातो. आता घरीच खाईन."

आणि ती पुढच्या पानाकडे वळली.