युनूस, तुझं मशीन चालू केलंय

युनूस मुलाणी गेल्याचा फोन आला तेव्हा मी उर्सेच्या टोलवर रांगेत होतो. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या आणि माझा हात गिअरवर जाईना. सकाळी छातीत दुखायला लागलं, तळेगावला नेईपर्यंत सगळं आटोपलं... टेलिफोन खात्यात आम्ही उभी नोकरी शेजारशेजारच्या टेबलांवर केली. एवढा मनापासून भांडणारा मित्र मला आता मिळायचा नाही.

भांडणाचं कारण बहुधा लिनक्स, त्याच्या संगणकावरची विंडोजऐवजीची प्रणाली. तेही याचं जगावेगळं. लोक तयार प्रोग्रॅम उतरवून घेतात. हा त्यांचा मूळ कोड आणून सगळं आपल्याच मशीनवर बांधून घेणार. दुकानातला तांदूळ न आणता भात घरी कांडून खाणाऱ्यातला माणूस. एकेक अपडेट दिवसभर चाले आणि त्याच्या गावची, कान्ह्याची वीज हमखास मध्येच दगा देई. "पुन्हा पहिल्यापासून लाव आणि मोकळा हो," असं मी म्हटलं की हा उखडायचा. "पयल्यापासनं कशाला? झालं ते झालंय. मधी तुटलं तेवढंच परत, आन् तितनं फुडं." मग एका आज्ञेत राहिलेलं काम पुन्हा सुरू करून माझ्याकडे असा बघायचा, की जणू वीजही त्यानेच आणली. त्याचा तो तोरा मला फार आवडायचा, हे त्याला कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर आणखी चढला असता.

काही आठवड्यांनी, भर पावसातल्या एका सकाळी, कान्ह्याला गेलो. त्याच्या बायकोने, शमीमभाभींनी, चहा ठेवला आणि कोपऱ्यात चादरीखाली झाकलेल्या मशीनकडे बोट दाखवलं.

"भाऊ, त्यास्नी गाडीत घातलं तवा हे चालूच व्हतं. म्या घाईत मेन स्विच पाडला. त्यांचं शेवटचं काम माज्या हातनं मोडलं... पोरगा म्हणतो, भंगारात देऊ. माजं मन व्हत न्हाई."

इतके दिवस ही बाई हे मनात घेऊन बसली होती. मी मशीनपुढे खुर्ची ओढली.

"भाभी, वीज दर आठवड्याला हेच करायची. काही मोडलेलं नाही. बसा इथं."

चादर काढली, मशीन सुरू केलं. पासवर्ड भाभींना पाठ होता. मी आज्ञा लिहिली आणि कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. "एंटर तुम्ही दाबा." त्यांनी दाबलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या. "बघा, बहुतेक काम त्यानेच उरकलंय. राहिलंय ते पुढं चाललंय."

मशीनच्या पंख्याचा घरघराट वाढला. भाभींनी डब्यावर हात ठेवून पाहिला, आत गेल्या आणि दुधाचं पातेलं घेऊन आल्या. या गारठ्यात दही लागत नाही, म्हणून विरजण लावलेलं पातेलं त्या तापलेल्या मशीनवर ठेवत. भाभींनी सांगितलं, की युनूस दह्यासाठीच मोठं अपडेट मुद्दाम काढायचा. मला मात्र या पठ्ठ्याने जन्मभर तंत्रज्ञानावर व्याख्यानं दिली! तो गेल्यापासून घरात दही विकतचं येत होतं.

पातेलं मशीनवर ठेवून, वर झाकण घालून त्यांनी विचारलं, "सांजपत्तुर चालंल न्हवं?"

मी पडद्यावरची राहिलेल्या प्रोग्रॅमची यादी पाहिली. "चालेल, भाभी. सगळ्यात मोठं त्याने शेवटीच ठेवलंय."