लेकीच्या जड गाडीवर मागे बसले तेव्हा

मला दुचाकीची भीती वाटते, आणि ती उगाच वाटत नाही. चिक्कडपल्लीत एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात मी बावीस वर्षं टायपिंग करतेय. साहेबांकडे जास्त करून अपघाताचेच दावे येतात. कोण कुठून निघालं, कुठे पडलं, कुठलं हाड कुठे मोडलं, सगळं माझ्या बोटांखालून जातं. बाकीच्या बायका सकाळी भाजी काय करायची याचा विचार करत कामाला निघतात, मी लोकांच्या मांडीच्या हाडांचा करत निघते. संध्याकाळी काचीगुड्याला घरी येताना एखादी गाडी जरा वाकडी गेली की माझ्या डोक्यात लगेच अर्जाचा पहिला परिच्छेद सुरू होतो.

हा परिच्छेद कसा लिहायचा ते साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. आपला माणूस नेहमी हळू चाललेला असतो. नेहमी रस्त्याच्या डाव्या बाजूने. हेल्मेट घातलेलं, हॉर्न दिलेला, सगळे नियम पाळलेले. चूक समोरच्याची, नाहीतर रस्त्याची. यात खोटं लिहायचं नसतं हां. आपल्याला अडचणीचं जे काही असेल, त्याबद्दल फक्त गप्प बसायचं असतं. बावीस वर्षांत मला ते इतकं जमायला लागलं की पुढेपुढे साहेबांनी मसुदा वाचायचंही सोडून दिलं.

आमची लेक एकुलती एक, सव्वीस वर्षांची. तिचं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, त्या काचेच्या इमारतींमध्ये. चार वर्षं ती तिच्या बाबांची जुनी स्कूटर चालवत होती. भीती तेव्हाही वाटायची, पण ती अंगवळणी पडलेली भीती. साडेदहाला तिचा 'पोचले' असा मेसेज आला की मी पाण्याचा घोट घ्यायची आणि कामाला लागायची. मागच्या वर्षी उन्हाळ्यात एक दिवस जेवता जेवता ती म्हणाली, "आई, ती स्कूटर आता दमली. मी बाइक घेतेय. मोठी. साडेतीनशे सीसी."

माझा घास हातातच राहिला.

"वजन किती असतं तिचं?" मी विचारलं.

"एकशे नव्वद किलोच्या आसपास."

"आणि तुझं?"

"चोपन्न. आई, गाडी उचलायची नसते, चालवायची असते."

उत्तरं तिच्याकडे तयारच होती. स्कूटरची चाकं एवढीएवढी, खड्ड्यात गेली की अख्खं चाक आत. फ्लायओव्हरवर वारा सुटला की बंडी हलते. मोठ्या गाडीचं चाक मोठं, ती रस्ता धरून चालते, ब्रेक चांगले, आणि ट्रकवाले जरा तरी मान देतात. बंडी म्हणजे गाडी. तिच्या मराठीत तेलुगू, दख्खनी, इंग्रजी सगळं एका ताटात असतं. मी यांच्याकडे वळले. म्हटलं, अहो, तुम्ही तरी सांगा. आमचे हे बँकेतून रिटायर झालेले, घाईने कधी काही बोलायचे नाहीत. दोन मिनिटं विचार करून म्हणाले, "चाकांचं म्हणते आहे ते बरोबर आहे." असे हे. माझ्या डोक्याची शीर ताडताड उडायला लागली.

बरोबर होतंच तिचं. माझ्या टेबलावरच्या फायलींत स्कूटरवाले काही कमी नव्हते. पण मन चिंती ते वैरी न चिंती. रात्रंदिवस मला एकच दिसायचं, ती खाली आणि ते एकशे नव्वद किलो वर. चहा गाळताना दिसायचं, देवापुढे हात जोडताना दिसायचं. शेवटी मी तिला एक अट घातली. आधी मला मागे बसवून एक चक्कर मार, मग काय ते ठरव.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ आहे. मला गाडी बघायची नव्हतीच. मी मागे बसेन, चार वेळा ओरडेन, रस्त्यावर तमाशा करेन, तिला लाज वाटेल आणि तो विषय संपेल, असा माझा डाव होता. तिला मात्र केवढा आनंद झाला. आई स्वतःहून बसतेय म्हटल्यावर तिने ऑफिसातल्या मैत्रिणीची गाडी रविवारसाठी मागून आणली.

रविवारी सकाळी जिन्याखाली ती काळी गाडी उभी होती. सीट माझ्या कमरेच्या वर. लेक म्हणाली, "आई, सलवार-कमीज घाल आणि दोन्हीकडे पाय टाकून बस. ही स्कूटर नाही."

"तीस वर्षं तुझ्या बाबांच्या मागे एका बाजूनेच बसले," मी म्हटलं. "कधी पडले का?"

आमच्या घरातल्या सगळ्या बायका तशाच बसत आल्या. सासूबाई, नणंदा, मी. दोन्ही पाय डावीकडे, पर्स मांडीवर, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर. दोन्हीकडे पाय टाकून बसणं हे आमच्याकडे कॉलेजातल्या पोरींचं काम. पण यांची स्कूटर इतकी हळू जायची की वळणावर ती झुकायचीच नाही, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

लेकीने फार ताणलं नाही. निऱ्या नीट खोचून दिल्या, पदर कमरेला घट्ट बांधला, माझ्या डोक्यावर हेल्मेट घालून पट्टा लावला. मग म्हणाली, "एकच ऐक. वळणावर गाडी झुकणार. मी जिकडे झुकेन तिकडे तूही जा. घाबरून उलटी झुकू नको. काहीच करू नको, पोत्यासारखी बस." मी हो म्हटलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. तिने मला सांगितलं होतं.

आम्ही युनिव्हर्सिटीच्या बाजूला गेलो. रविवारी तिकडचे रस्ते मोकळे असतात, दोन्हीकडे झाडं, फिरायला येणारे म्हातारे. आणि खरं सांगू, पहिली दहा मिनिटं मला ओरडायला निमित्तच मिळालं नाही. ती इतकी शांतपणे चालवत होती. गतिरोधकावर गाडी अलगद चढायची, अलगद उतरायची. तिच्या पाठीत कुठे ताण नव्हता. ही पोरगी कुणाला घाबरत नाही, असं मनात आलं, आणि अभिमान वाटायच्या ऐवजी मला आणखीच धडकी भरली.

मग उजवीकडचं वळण आलं.

डावीकडे तोंड करून बसलं की उजवं वळण आपल्या पाठीमागे असतं. गाडी उजवीकडे झुकली आणि माझ्या पाठीला काहीच राहिलं नाही. विहिरीच्या काठावरून कुणी मागे लोटतंय असं वाटलं. जिवाचं पाणी पाणी झालं. पोतं कुठलं आणि काय कुठलं, मी अख्खं अंग डावीकडे फेकलं आणि दोन्ही हातांनी तिचा डावा दंड धरून ओढला. गाडी वळता वळता सरळ झाली, रस्ता सोडून डावीकडच्या खडीत गेली आणि आडवी झाली.

मी मातीत जाऊन पडले. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. तिचा डावा पाय गाडीखाली होता. इंजिनापुढचा लोखंडी गार्ड आधी टेकला म्हणून पायावर सगळं वजन आलं नाही. फिरायला आलेले चारपाच जण धावले, त्यांनी गाडी उचलली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तिचा पहिला शब्द होता, "आई, तुला लागलं का?"

त्या क्षणी मला सगळं ठाऊक होतं. गाडी का सरळ झाली, कुणामुळे झाली, सगळं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हे: "खडी होती गं."

"माझाच कंट्रोल गेला," ती म्हणाली.

मी काही बोलले नाही. एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ तिच्याजवळ वाकून मायेने म्हणाले, "बेटा, इत्ती बडी गाडी नक्को चलाओ. लडकियों के हाथ में नईं रहती." तिने खाली मान घालून 'हौ चाचा' म्हटलं. तेव्हाही मी गप्प बसले.

घोट्याचं हाड तडकलं होतं. पाच आठवडे प्लास्टर. हॉस्पिटलात यांनी विचारलं, कसं काय झालं? मी सांगितलं, हळूच चाललो होतो, डाव्या बाजूने, हेल्मेट होतं, वळणावर खडी होती. सांगताना जीभ एकदाही अडखळली नाही. बोलून झाल्यावर कळलं की मी यांना अर्जाचा परिच्छेद ऐकवला.

प्लास्टर निघालं आणि तिने स्वतःच विषय संपवला. बाइक नको, स्कूटरच घेते म्हणाली. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, खूप आनंद झाला. पांढरी स्कूटर आली, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. शेजारणीने पेढा तोंडात टाकत विचारलं, एवढे पेढे कशाबद्दल? मी म्हटलं, पोरीला अक्कल आली त्याबद्दल. लेक मागेच उभी होती, तिने ऐकलं.

माझी भीती जाईल असं वाटलं होतं, ती मात्र जागेवरच राहिली. एक दिवस मी बसने ऑफिसला निघाले होते. नारायणगुड्याच्या सिग्नलला खिडकीतून ती पांढरी स्कूटर दिसली. दोन्ही पाय बाहेर लोंबकळत, रस्त्याला जवळजवळ घासत. खांदे कानापर्यंत चढलेले. वळणावर आल्यावर ती वळलीच नाही, ऐन मध्यावर थांबली. तिच्या मागच्या, दुसऱ्या एका बसने करकचून ब्रेक मारला. दोन हातांचं अंतर राहिलं असेल. ड्रायव्हर शिव्या देत होता आणि माझी लेक, जी त्या रविवारी इतकी शांत चालवत होती, हात वर करून त्याची माफी मागत होती.

त्या दिवशी ऑफिसात मी काहीच टाइप केलं नाही. घाबरून मध्येच ब्रेक मारणारी माणसं माझ्या फायलींत किती आहेत ते मला माहीत होतं. मागून धडक. हेल्मेट असूनही.

त्याच आठवड्यातल्या रविवारी ती माझ्याबरोबर शेंगा सोलत बसली होती. हाताच्या तळव्यांवर लाल वळ होते, मुठी इतक्या घट्ट आवळायची. मी विचारलं, फार त्रास होतो का चालवायला?

"आई, माझा स्वतःवरचा भरवसाच गेला," ती म्हणाली. "मी किती वेळा आठवून बघते. वळण मी बरोबर घेतलं होतं गं. गाडी का सरळ झाली तेच कळत नाही. आणि कळत नाही म्हणून वाटतं, परत होईल. आता वळण आलं की हात आपोआप ब्रेकवर जातो."

माझेही ते पाच महिने असेच गेले होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, घरात कुणी 'वळण' एवढा शब्द काढला तरी मी उठून स्वयंपाकघरात जायची. सांगितलं तर ही परत मोठ्या गाडीकडे जाईल, ही एक भीती. आणि ही माझ्याकडे परत कधी पूर्वीसारखी बघणार नाही, ही दुसरी. पण त्या बसचा ब्रेक माझ्या कानात होता.

"वळण तू बरोबरच घेतलं होतंस," मी म्हटलं. "मी उलटी झुकले. तुझा हात ओढला. गाडी माझ्यामुळे पडली."

तिचा शेंगेतला अंगठा थांबला. "तुला कधी कळलं?"

"तेव्हाच. पडायच्या आधीच."

"आणि खडी?"

"खडी होती. पण तिथपर्यंत आपण माझ्यामुळे गेलो."

ती रडेल असं वाटलं होतं, ओरडेल असंही वाटलं होतं. तिने हातातली शेंग खाली ठेवली. "पाच महिने, आई," ती म्हणाली. "तू पेढे वाटलेस." मग हात झटकून उठली आणि आपल्या खोलीत गेली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सोमवारी मी गॅलरीत उभं राहून तिला जाताना पाहिलं. कोपऱ्यावर तिने स्कूटर वळवली, पाय आत होते, खांदे खाली होते. न थांबता वळली आणि दिसेनाशी झाली. एरवी कोपऱ्यावर हात हलवायची, त्या दिवशी हलवला नाही. साडेदहाला मेसेज आला तो यांच्या फोनवर.

हळूहळू बोलणं सुरू झालं. चहा हवा का, चावी कुठे आहे, असलं. महिन्याभराने जेवताना तिने सांगितलं की गाडी बुक केली, तीच, साडेतीनशे सीसीची. माझा जीव परत पार तळाला गेला, पण या वेळी मी तोंड उघडलं नाही. तो हक्क मी घालवून बसले होते. यांनी रंग कुठला ते विचारलं. काळा, ती म्हणाली.

"मागची सीट काढता येते त्या गाडीची," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, भात वाढ म्हणावं तसंच म्हणाली. "मी काढून टाकायला सांगितलीय."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'बरं' म्हटलं आणि भाताचं पातेलं तिच्याकडे सरकवलं.