गुप्ते सरांचे साडेचार फूट

मार्तंड गुप्ते सर दहावीला भूमिती शिकवत. उंची चार फूट दहा इंच. फळ्याचा वरचा भाग त्यांच्या कारकिर्दीत कोराच राहिला. पण जगातली कुठलीही उंची त्रिकोणमितीनं काढता येते, असा त्यांचा दावा होता.

त्र्याऐंशीच्या गोपाळकाल्याला हा दावा पणाला लागला. त्यांची लाडकी विद्यार्थिनी शेवंती घाटकोपरच्या चाळीत राहायची. तिचे वडील दशरथ तिथल्या गोविंदांचे म्होरके. सरांच्या रविवारच्या जादा वर्गाला तिनं जावं, हे त्यांना पटेना.

"त्रिकोणानं कोणाचं पोट भरलंय गं? तुझ्या मास्तरांना आमची हंडी मोजू दे. थर बरोबर निघाले तर जा. नाहीतर रविवारी घरकाम."

आदल्या संध्याकाळी कोनमापकाला दोऱ्यानं खडू लोंबकळवून, डोळा वर लावून, सर अंगणात मागे मागे सरकत गेले. नळाखालच्या बादलीत बसता बसता वाचले आणि तिथेच पंचेचाळीस अंशांचा कोन सापडला. हंडीखालपासून अंतर वीस फूट.

"म्हणजे उंचीही वीस. चार थर!"

दुसऱ्या दिवशी चार थर लागले. टोकावरच्या लहानग्या पोरानं हात उंचावला. हंडी अजून लांबच.

"मास्तर, वाट लागली ना!" तो वरून ओरडला.

थर उतरले. सर चष्मा पुसत राहिले. "रविवारी कांदे चिर," दशरथ लेकीला म्हणाले.

शेवंती मात्र वहीत आकृती काढत होती. "सर, कोन कुठून मोजलात?"

"डोळ्यांपासून."

"आणि डोळे कुठे होते?"

याच चुकीसाठी वीस वर्षं ते मुलांचे दोन-दोन गुण कापत आले होते. "जमिनीपासून साडेचार फुटांवर," ते पुटपुटले.

"बाबा, तेवढाच एक थर होतो. पाच लावा!"

पाच थरांना खाली एक माणूस कमी पडला. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. खांदे सारखे यावेत म्हणून त्यांना दोन पाटांवर उभं केलं, शेजारी दशरथ. थर चढत गेले, सर आत आत दबत गेले. मग वर खापर फुटलं आणि दह्याचा मोठा गोळा थेट सरांच्या टकलावर पडला.

"मास्तर," दशरथ धापा टाकत म्हणाले, "पोरीला पाठवतो रविवारी. पण मोजायचं तिलाच सांगा. तुम्ही नुसतं शिकवा."

"मान्य," सर दह्याखालून म्हणाले. "आधी माझ्या मानेवरचा पाय कोणाचा तो काढायला सांगा."