काटेसरांचा अर्धा तास

आमचे सर माणसाला नमस्कार करण्याआधी त्याची नाडी पाहत. समोरच्याचे हात जुळण्यापूर्वीच ते त्याचे मनगट अलगद धरत आणि घड्याळावर नजर ठेवून म्हणत, "जिना चढून आली वाटते." वाशीमच्या आमच्या महाविद्यालयात ते शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक होते आणि मुलींच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षकही. सामन्यात खेळाडूच्या देहाला नेमके किती सोसावे लागते, हे जाणून घेण्याचा त्यांना ध्यास होता. घाम गाळायचा तर मोजून गाळायचा, असे त्यांचे मत.

मैदानाला लागूनच धान्याचा बाजार होता. आश्विनात तिथे नव्या सोयाबीनचा उष्ण, किंचित तुरट वास दाटून येई आणि पोत्यांवरची धूळ उन्हात जरीसारखी लकाके. सामन्याआधी आणि सामन्यानंतर सर आम्हा साऱ्याजणींना एका अडत्याच्या काट्यावर उभे करत. वजन जेवढे घटले तेवढा घाम गेला, इतके त्यांचे साधे शास्त्र. त्यावरून अख्खा बाजार त्यांना काटेसर म्हणू लागला. एकदा आमची कर्णधार निखत काट्यावर उभी असताना तिथल्या हमालाने डोळे मिचकावत विचारले, "सर, ह्या मालात ओलावा किती?"

"तेच त मोजून राह्यलो," सर गंभीरपणे म्हणाले.

काट्यावरून उतरले की प्रश्न येई, "किती दमली? दहापैकी सांग." या प्रश्नापुढे आम्ही निरनिराळ्या तऱ्हांनी नापास होत असू. बचावफळीतली प्रज्ञा म्हणे, "दोन. सर, वावरात सोयाबीन सोंगून पाहा, मंग दहा काय असते ते समजन." मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी. मी म्हटले होते, "सर, छातीत पारव्यांचा थवा एकदम उडाल्यासारखं वाटतंय." सरांनी डोळे मिटले. "बाई, मले पारवे नको देऊ, आकडा दे."

हा सारा खटाटोप एका अर्ध्या तासासाठी होता. आमच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मुलांचा सामना नव्वद मिनिटांचा असे आणि मुलींचा साठ. आयोजकांमधले वयोवृद्ध तात्या म्हणत, "पोरीबाळी आहेत गुरुजी. चक्कर येऊन पडली एखादी, त तिच्या बापाले काय सांगाव?" सरांना हे लागे. ते चिडत नसत, कानाची पाळी चोळत आणि म्हणत, "अर्ध्या सामन्यात माणूसही अर्धंच दिसते." अखेर तात्या एका अटीवर राजी झाले: उपांत्य सामना पूर्ण वेळ खेळवून पाहायचा. मुलींना झेपला, असे सरांनी दाखवून दिले, तर अंतिम सामनाही नव्वद मिनिटांचा. नाही तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी परतीच्या पावसाने मैदान भिजवून ठेवले. मुलांचा सामना दुसऱ्या, मुरमाच्या कोरड्या मैदानावर हलवला गेला. आमच्या वाट्याला ही काळी माती आली. ती ओली झाली की लोण्यासारखी मऊ होते आणि पाय धरला की सोडत नाही. आम्ही नव्वद मिनिटे धावलो. श्वासाला रक्तासारखी लोखंडी चव आली, ओठांवर मीठ सुकले. पण एकही पडली नाही आणि आम्ही जिंकलो. सरांनी तात्यांना घेऊन काटा गाठला. जाताना बुटांसकट मोजले होते, म्हणून येतानाही बुटांसकटच मोजायचे, हा त्यांचा नियम होता.

निखत चढली. वजन वाढले होते. प्रज्ञा चढली. तिचे तर आणखी वाढले होते. एकेक करत अख्खा संघ नव्वद मिनिटे धावून जाड झाल्याचे सिद्ध झाले.

"गुरुजी," तात्या पोट धरून हसत म्हणाले, "पोरी त खेळून सुटल्या की हो!"

सरांचा चेहरा पिकल्या पानासारखा उतरला. माझ्या मनात आले, गेला तो अर्धा तास. इतक्यात निखतने वैतागून पायातला बूट ओढला आणि तात्यांच्या हाती दिला. "हे घ्या तात्या. यालेच मोजा आता."

तात्यांचा हात खाली गेला. तो बूट नव्हता, मैदानाचे एक ढेकूळ होते.

"हे पायात घालून पळून राह्यली होती तू?"

"नाही त काय, डोक्यावर घेऊन?"

तात्यांनी बूट दुसऱ्या हातात घेतला, पुन्हा पहिल्या हातात घेतला. मग म्हणाले, "खेळा बाप्पा नव्वद. मले एवढं उचलत नाही."

अंतिम सामन्यात साठाव्या मिनिटाला आम्ही एका गोलने पुढे होतो. उरलेल्या अर्ध्या तासात आमच्यावर दोन गोल झाले आणि आम्ही हरलो. गवतावर बसून रडणारी प्रज्ञा म्हणाली, "सर, तुमच्याच अर्ध्या तासानं बुडवलं आमाले."

सर तिच्याजवळ उकिडवे बसले. "आधी तुमी अर्ध्या जिंकत होत्या वं. आज पुऱ्या हरल्या. मले हे जास्त आवडलं."

"आमाले नाही आवडलं."

"मालूम हाय," सर म्हणाले आणि तिच्यासाठी संत्रे सोलू लागले.

निवृत्तीनंतर ते लेकीकडे कारंज्याला राहायला गेले. आता त्याच महाविद्यालयात मी मराठी शिकवते आणि मुलींच्या संघासोबत स्पर्धेला जाते. त्या अंतिम सामन्यानंतर मुलींचा सामना पुन्हा कधी साठ मिनिटांवर आला नाही. स्पर्धा संपली की सरांचा फोन येतो. यंदा मी त्यांना सांगितले की शेवटच्या टप्प्यात आमची एक मुलगी रेषेजवळ येऊन माझ्यावर करवादली, "मॅडम, हे काहून एवढं लांबवून राह्यले? सुटत कसा नाही हा सामना?"

पलीकडे सर खुदकन हसले.

"कुरकुर केली तिनं? वा! म्हणजे त्याईले तो अर्धा तास आता आपलाच वाटून राह्यला."